नायगावची तांब्याची खाण

हसू नका, पण चार दिवस आमच्या नायगावात तांब्याची खाण होती, आणि ती मी शोधली होती!

पीएचडीसाठी आमच्या बांधावरचे काळे दगड तपासून राहिले होते. भुकटी करून प्रयोगशाळेत पाठवली, तर रिपोर्टात तांबं भरमसाठ! आमचे सर नांदेडहून पेढे घेऊनच घरी आले.

मी भीत भीत म्हणलं, "सर, खडकात तांबं साठतं तेव्हा त्याच्यासंगं गंधक अन् निकेलही येतं ना? इथं गंधक न्हाई, निकेल न्हाई. वरून रिपोर्टात हे जस्त कुठून आलं?"

"येतं कधी कधी!" सर हवेतच होते. "आधी जेवू, मग खाण बघू."

आईनं भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी वाढली. पहिल्याच घासाला सरांच्या दाताखाली कचकन खडा आला. त्यांनी तो बोटावर घेतला आणि खिशातलं भिंग लावलं.

"ताई, हा तर बेसाल्ट हाय, बांधावरचा काळा दगड. चटणी कशात कुटली?"

आईनं कौतुकानं पितळी खलबत्ता पुढं ठेवला. कॉलेजातलं भुकटी करायचं मशीन बिघडलं म्हणून मी दगड त्यातच कुटले होते. पितळ म्हणजे तांबं अन् जस्त!

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी पेढ्यांकडं.

आई मात्र खुशीत. "सर, ह्यो आधी काळाकुट्ट होता. हिनं दगड कुटल्यापासून कसा लखलख करून राहिला बघा! ती भुकटी उरली असंल तर माघारी द्या, देवाची तांब्याची भांडी घासायचीत."