गाडी रद्द नाही

तुम्ही आजच्या अर्ज-दाखल्यांच्या कटकटी मला सांगू नका. बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीत पोरांनी रेल्वेचे रूळ उखडले आणि माझा बी.ए.चा पेपर बुडाला. चालत सांगली गाठली, तोवर परीक्षा उरकली होती.

फेरपरीक्षेसाठी अर्ज केला. विद्यापीठाचा कारकून म्हणाला, “गाडी रद्द झाल्याचा स्टेशनमास्तरांचा दाखला आणा.”

वडिलांना घेऊन आमच्या स्टेशनात गेलो. मास्तर म्हणाले, “गाडी रद्द नाही. उशिरा आहे.”

वडील म्हणाले, “आवं मास्तर, रूळच न्हाईत, तर गाडी यायची कशावरनं?”

“रद्द केली तर वरून तार येते. ती आलेली नाही.”

“कशी येईल? पोरांनी तारा बी तोडल्यात की.”

“मग तार येईपर्यंत उशिरा.”

मास्तरांनी दाखला तसाच दिला, वर ठसठशीत शिक्का. कारकुनानं तो मन लावून वाचला आणि अर्ज फेटाळला. म्हणाला, “गाडीला उशीर होता, तर घरातून लवकर निघायचं.”

पुढं मुलगी बघायला गेलो. तिच्या वडिलांनी विचारलं, “मुलाच्या डिग्रीचं काय झालं?”

मी तोंड उघडायच्या आत आमचे वडील शांतपणे म्हणाले, “रद्द न्हाई. उशिरा हाय.”