बदलाचं कारण

बहीण : नऊच ठेवा हो. बाकीचे सगळे खोडा, मी चकार शब्द काढणार नाही.

पंखेवाला : ताई, मला वाटलं तुम्ही पंखा दुरुस्तीला घेऊन आलात.

बहीण : पंखा नाहीये. साइटवर तुमच्या नावाखाली दुकानाचा पत्ता दिसला, तशी निघाले. 'माझीच-चूक' हा टॅग काढून टाकायचं तुम्हीच सुचवलंत ना?

पंखेवाला : सुचवलं. मतदानही झालं. लोक दुरुस्तीचे प्रश्न टाकतात, त्यावर टॅग लावतात. मिक्सर, पंप, गीझर. म्हणजे बरणीवरची चिठ्ठी. बरणीवर 'मीठ' लिहावं. 'माझ्या हातून सांडलं' असं लिहिलं तर मीठ सापडेल का कुणाला?

बायको : स्वतःच्या घरात मीठ कुठंय ते विचारा. जगाच्या बरण्या आवरायला निघालेत.

पंखेवाला : तू बिलं कर गं.

संगणकाचा पडदा : 'माझीच-चूक'. उरलेले प्रश्न : नऊ.

बहीण : बसमध्ये पाहिलं तेव्हा चाळीसच्या वर होते!

पंखेवाला : सकाळपासून पाच-सहा जण बसलोय आम्ही. नुसता टॅग उपटून चालत नाही, प्रश्न उघडायचा, वाचायचा, नीट करायचा. हे नऊ मी मागे ठेवले. छान लिहिलेत. गंमत म्हणजे नऊ जणांचे आहेत, पण –

बहीण : एकाचेच आहेत.

पंखेवाला : काय?

बहीण : माझ्या धाकट्या भावाचे. दर वेळी नवं नाव घेतो. टॅग तोच. या टॅगखाली काही पडलं की मला मेल येतो. मग मी आईला सांगते, जेव आता, आहे तो.

बायको : म्हणजे तो कुठंय ते...

बहीण : काही माहीत नाही, वहिनी. एवढंच माहीत आहे. टॅग गेला की तेही नाही.

पंखेवाला : शून्य झालं की टॅग आपोआप जातो. परत कुणाला लावता येत नाही. पण ताई, सरळ त्याच्या प्रश्नाखाली लिहा ना, बाबा रे, घरी ये.

बहीण : लिहिलं होतं. अगदी हेच. तासाभरात खातं बंद. मग कितीतरी महिने काहीच नाही. आईनं अंथरूण धरलं. पुन्हा हा टॅग दिसला तेव्हा मी गुपचूप बसले. नुसती वाचते.

पंखेवाला : लिहिण्यात काही लकब असेल की. तिच्यावरून शोधता येईल.

बहीण : होती. प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला, 'मेन बंद करून लिहितोय.' तेही तुम्हीच खोडलंत. कारण काय दिलंत? 'अनावश्यक वाक्य.'

पंखेवाला : अहो, प्रश्न लिहायला मेन कशाला बंद करायचा? आणि प्रश्न तरी कसले! मीटर कसा धरायचा हे ज्याला एवढं येतं, त्याला उत्तर येत नसेल होय?

बहीण : झोपेतही येतं. पण दुसऱ्या कुणी 'बरोबर आहे' म्हटल्याशिवाय आता स्क्रू पिळत नाही तो. त्याने बसवलेल्या गीझरच्या नळाला हात लावला आणि आमचे बाबा गेले.

(पंखेवाल्याच्या हातातली तांब्याची तार सुटून जमिनीवर उलगडत जाते. कुणी उचलत नाही.)

बायको : अगं बाई.

बहीण : ओढायला तोच धावला. आठवड्याभरात घर सोडलं. पाना-पक्कडसुद्धा नेली नाही.

बायको : आणि खरंच त्याच्या हातून...

बहीण : नाही हो! त्याला तेच माहीत नाही. तो गेल्यावर वायरमनने भिंत फोडली. बाबांनीच दाढीच्या आरशासाठी खिळा ठोकला होता. तो आतल्या वायरीत घुसला होता आणि टोक नळाच्या पाइपाला टेकलं होतं. गीझरमध्ये काडीचा दोष नव्हता.

पंखेवाला : मग हे नाही का लिहायचं, ताई! 'घरी ये' कशाला लिहिलंत?

बहीण : कारण घरी यावा असंच वाटत होतं! म्हटलं, एकदा येऊ दे, समोर बसवून सांगू.

पडदा : उरलेले प्रश्न : आठ.

बहीण : कोण आहे तो? थांबवा ना त्याला!

पंखेवाला : आमच्यातलाच कुणीतरी. लिहिलं त्याला, हात लावू नकोस म्हणून. पण किती वेळ थांबेल? संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी...

बहीण : पाया पडते तुमच्या.

पंखेवाला : उठा, उठा. टॅग ठेवणं माझ्या एकट्याच्या हातात नाही हो.

बायको : अहो, खोडलं की त्या माणसाला कळतं का?

पंखेवाला : कुणाला?

बायको : ज्याचा प्रश्न त्याला. माझ्या बिलात कुणी फिरवाफिरवी केली तर मला नको कळायला?

पंखेवाला : कळतं. मेल जातो. अमुक प्रश्नात बदल झाला, आणि खाली –

बहीण : खाली काय?

पंखेवाला : कारण. एक ओळ.

बहीण : त्या ओळीत काहीही लिहिता येतं?

पंखेवाला : येतं, पण लिहायचं नसतं. बदलापुरतंच लिहायचं. घरचे निरोप घातले तर माझे अधिकार काढून घेतील. इतक्या वर्षांचं काम आहे, ताई.

बायको : काढू देत. तेवढंच मीठ सापडेल.

बहीण : आणि वाचून परत पळाला तर? या खेपेला टॅगही नसेल. तो आहे की नाही, मला कळणारच नाही.

पंखेवाला : नाही कळणार.

बहीण : आईला काय सांगू मग?

पंखेवाला : ते मी कसं सांगू? म्हणाल तर कारण कोरं सोडतो. खोडावं मात्र लागणारच.

बहीण : ...उघडा. सगळ्यात नवा.

पडदा : 'वॉशिंग मशीन पाणी घेते, ड्रम फिरत नाही. बेल्ट नवा आहे. माझं काय चुकलं?' टॅग काढला. बदलाचं कारण लिहा.

पंखेवाला : बोला. फक्त 'घरी ये' नको.

बहीण : नाही. लिहा... टॅग चुकीचा आहे.

पंखेवाला : हे तर नियमातच बसतं.

बहीण : वायरीत आरशाचा खिळा होता. बाबांनी ठोकलेला. गीझर ठीक होता.

पंखेवाला : '...ठीक होता.' अजून जागा आहे. तुमचं नाव? आईचं काही?

बहीण : नको. तिचं वाचलं की पळेल.

पंखेवाला : पाठवू?

बहीण : थांबा.

बायको : स्टूल घ्या हो. बसा आधी.

बहीण : पाठवा.

पडदा : बदल नोंदवला. उरलेले प्रश्न : सात.

पंखेवाला : ताई, पुढचा उघडलाय. जुनं खातं आहे, तो उघडत असेल-नसेल.

पडदा : बदलाचं कारण लिहा.

बहीण : तेच.