बुधाजींनी जोडलेला पतंग

सन्माननीय अध्यक्ष किसनराव वानखडे, व्यासपीठावरचे मान्यवर, राजापेठेतले सर्व दुकानदार बंधू, भगिनी, आणि आजचे सत्कारमूर्ती, आपले पंचरवाले बुधाजी इंगोले. बत्तीस वर्षं खोक्यावर बसलेल्या माणसाला आपण एवढी मोठी खुर्ची दिली, अन् ते बिचारे कडेवरच टेकले आहेत. बुधाजी, मागं सरका. आज उठवणारं कोणी नाही.

उद्या ते अकोल्याला लेकाकडे कायमचे चालले. कोणाकोणाच्या गाड्या त्यांनी चालत्या ठेवल्या, ते मघापासून ऐकतोच आहोत. मी फक्त एका पतंगाचं सांगतो.

माझी करिश्मा रामेश्वरमकडे समुद्रात काइटसर्फिंग करते. म्हणजे काय? पायाखाली फळी, डोक्यावर खोलीएवढा पतंग, आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून पळायचं. त्या पतंगाच्या कडेत टूबसारखी लांब पिशवी असते, तिच्यात हवा भरतात. ती नरम पडली की पतंग पाण्यात पडतो, पुन्हा उठत नाही, आणि माणूस समुद्रात अडकतो. अमरावतीत समुद्र नाही, हे मी तिला कितीदा सांगितलं! ऐकते कोण?

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात ती पतंग घेऊन घरी आली. खारं पाणी धुवून सावलीत वाळवा, म्हणाली. मी हौसेनं धुतला अन् गच्चीवर कुरडयांशेजारी उन्हात पसरला. आपलं मे महिन्याचं ऊन! संध्याकाळी पाहतो तर गोंद वितळून हवा भरायचं तोंडच सुटलेलं. दहा दिवसांवर तिची शिक्षक होण्याची परीक्षा, आणि ती ह्याच पतंगावर द्यायची. पोरगी ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बुधाजीकाका पाहतील."

आता पुढचं जे सांगतो, ते तिला ठाऊक नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. शेजारी तिची आई, तिलाही ठाऊक नाही. म्हणजे घरी गेल्यावर माझाही सत्कार आहे.

करिश्माच्या आधी मी दुकानात पोचलो. समुद्र सोडून तिनं सरकारी नोकरी धरावी, म्हणून तिच्या तलाठी भरतीचा फॉर्म मी परस्पर भरून ठेवला होता. म्हणालो, "बुधाजी, तिला एवढंच सांगा, हे काही दुरुस्त होत नाही म्हणून."

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "तायडेबाबू, जोडता येत असन तर मी जोडतो. तुमाले पोरीले रोकाचं हाय तर तुमच्या तोंडानं रोका. माया हातानं काहून रोकता?"

नोकरीभर मी लोकांना 'उद्या या' म्हणत आलो, इथं मीच खोक्यावर बसून त्यांचं काम पाहू लागलो.

करिश्मानं पतंग आणून दिल्यावर त्यांनी पिशवी ओढून बाहेर काढली, जुना गोंद खरवडला, तोंड चिकटवलं, भोवती ठिगळ लावलं आणि वर वजन ठेवून दिवसभर सुकू दिलं. मग साबणाच्या फेसानं बोट बोट जागा तपासली. पिशवी पतंगात परत घालून कडक हवा भरली. म्हणाले, "उद्या यावेळेले पाहू. कडक रायली तरच पोरीले नेऊ देतो. समुद्र हाय तो, गल्ली नाई."

दुसऱ्या दिवशी करिश्माच्या आधी पुन्हा मीच हजर. मंडळी, खरं सांगतो, पिशवीवर अंगठा दाबताना मी मनात म्हणत होतो, नरम निघू दे. दगडासारखी कडक होती. बुधाजींनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पोरगी आली, आणि पतंग कसा वाळवायचा, कसा गुंडाळायचा, ते तिला तीनतीनदा सांगत बसले.

ती परीक्षा पास झाली. आज तिथं लोकांना शिकवते, आणि तिथले फाटके पतंग पार्सलनं राजापेठेत येतात. चार वर्षांत बुधाजींनी तिला माझ्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. मीच एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "ते सांगाचं काम तुमचं हाय, बाबू." उद्या ते जाणार. त्यांच्यासमोर सांगायला आजचाच दिवस उरला होता.

अध्यक्षमहाराज, ठरल्यापेक्षा जास्त बोललो, सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. काही उणंअधिक झालं असेल, तर आपण क्षमा केली नाही तरी चालेल. करिश्मा, बेटा, तू कर. तुया बापाचं चुकलं.