पाचवा उद्देश

तसं नाही दामिनीताई, भांडाले नाही आलो मी – बसा न जरा, ताट घेऊनच बसा, तुमी जेवा, मी बोलतो. सकायपासून पाहून राहिलो, वामनराव अध्यक्ष म्हनून योग संघाचा एकेक उद्देश वाचत होते आनि सगये हात वर करत होते. स्पर्धा घ्याच्या – हात वर. पंच तयार कराचे – हात वर, तुमचा तं सगयात आधी, अन् बरोबरच आहे, अकोल्याच्या पोरी तुमी घडवल्या, नाव काढलं त्यायनं. मंग आला तो पाचवा, खेड्यापाड्यात बायामानसांचे वर्ग चालवाचे. काय झालं? कोनी खोकललं, कोनी मोबाइल काढला. वामनराव म्हने, हे आता जुनं झालं, खोडून टाकू. अर्धे हात इकडं, अर्धे तिकडं, आनि तुमचा हात मांडीवरच. जेवनानंतर पुन्हा इचारनार आहेत. म्हनून आलो.

तुमी म्हनान, धर्मपालजी, उद्देश खोडला तरी तुमी शिकवा न, कोन अडवते? अडवते ताई. आमच्या नांदगाव खंडेश्वरात वर्ग विहाराच्या आंगनात भरते. वर संघाचा फलक आहे म्हनून सगया समाजाच्या बाया येतात. फलक उतरला का तो बौद्धपुऱ्यातल्या मास्तराचा वर्ग होते. मंग वर्गातल्या गोदाबाईचा लेक तिले येऊ देईन? नाही देनार. आताच कुरकुर करते तो.

आनि ह्या गोदाबाईपायीच तं – जाऊ द्या. नाही, सांगतोच. मागच्या साली आमचा पोरगा शुभम गेला. अपघात. तुमाले माहीत नसन, इथं अमरावतीले मी कोनापाशी बोललो नाही. चंदा, माही बायको, ती रडली, बोलली, बहिनीच्या गय्यात पडली. मी नाही. लोक म्हनत, मास्तर खंबीर आहे, योगवाला मानूस. मी वर्ग बंद केला, घरातच बसून राहो. अन् एक दिवस सकायी गाडी काढली. चंदाले म्हनलं, कौंडण्यपूरले जाऊन येतो. – काहून म्हंजे? देवदर्शनाले? मी कायचं देवदर्शन करतो ताई. नदी आहे न तिथं. पूर होता.

रस्ता विहारावरूनच जाते. पाहतो तं आंगनात बाया बसलेल्या, मास्तराबिगर, आपल्या आपल्याच. हात वर करून तशाच थांबल्या होत्या, कोनाले पुढचं आठवे ना. गोदाबाई म्हातारी बाई, तिचे हात थरथर कापून राहिले, पन खाली नाही घेतले तिनं. मले पाहून म्हने, "मास्तर, श्वास घ्याचा का सोडाचा, तेवढं सांगून जा."

मी म्हनलं, सोडा. गाडी चालूच होती माही. थोड्या वेयानं म्हनलं, आता घ्या. मंग पुन्हा सोडा. मंग गाडी बंद केली, अन् तिथंच मातीत बसलो, आनि शुभम गेल्यापासून पहिल्यांदा – त्या बायाइनं काही इचारलं नाही ताई, एकीनंही नाही. तेव्हापासून रोज जातो. लोकायले वाटते, मी त्यायले शिकवतो. – काय सांगून राहिलो मी तुमाले. हे चंदालेही माहीत नाही. तिले नका सांगू. पन वर्ग गेला तं सकायी उठून मी –

बोलावून राहिले पाहा आतून. जा ताई. ताट राहू द्या, मी उचलतो. असं नका पाहू माह्याकडं. जा.