ज्यानं डोळा घडवला

नाई नाई, मॅडम, पोरीची शाळा सोडवली तसं नाई — बसा ना बाजेवर, बबिताले कायले हाका मारता, चहा घेऊन येतेच थे — आधी मले सांगा, तुम्ही वर्गात शिकवलं का नाई, माणूस माकडाच्या खानदानातला म्हून? पोरगी घरी येऊन मलेच सांगे, आपल्या बापाले! आता पाहा, मी हरिसिंग, मोटर बांधणारा माणूस. साऱ्या तांड्याच्या इहिरीवरच्या मोटरा माह्या हातच्या. हे तांब्याची तार पडली ना अंगणात — पडू द्या लाख वर्षं, ऊन लागू द्या, पाणी लागू द्या — होईन का मोटर आपल्या मनानं? नाई होत! अन् डोया होते? समोर काच, आत पडदा, वरून झाकण, धुवाले पाणी बी त्याचं त्याले — हे कोणी केलंच नाई? काय म्हणता, माकड अन् माणूस सारखे दिसतेत? अहो, माह्या मोटरा बी साऱ्या सारख्या दिसतेत, काहून का हात एक हाये! म्हून काय एक मोटर दुसरीची माय झाली?

अन् मोटर जळली त लोकं माह्याकडं आणतेत, न्हाव्याकडं नाई नेत. मंग डोया बिघडला त कोणाकडं न्याचा? ज्यानं घडवला त्याच्याकडं! प्रभूकडं. — काई नाई झालं हो. कापूस वेचता वेचता पऱ्हाटीची काडी लागली बबिताच्या डाव्या डोयात, एवढीशी. पास्टर बी म्हणे, हरिसिंग, प्रार्थना करू आपण, पण पोरीले पांढरकवड्याच्या दवाखान्यात दाखव. म्या म्हटलं, पास्टर, तुमचाच विश्वास कच्चा हाये. तवापासून थे येत नाईत. मोतीबाई, माही बायको, पोरीले घेऊन निघालती — फाट्यावरून वापस आणली म्या. हात नाई उचलला तिच्यावर. एकदाच. आता माहेरी हाये थे.

मी प्रार्थना करून खोबरेल टाकून राह्यलो डोयात, रोज. बुबुळावर पांढरं आलं, जाईन थे. त्याच बोटानं चांगल्या डोयात बी टाकतो, आधीच राखलेलं बरं ना? पयले रडे, चरचरते म्हणे, दोन्ही हात धरून ठेवा लागे. आता रडत नाई. विश्वास बसला पोरीचा. — मले भेव नाई वाटत का? वाटते ना, बाप हावो मी! पण आता दवाखान्यात नेलं, अन् डॉक्टरनं इचारलं, इतके दिवस काय टाकत होता म्हून — त मी काय सांगू, मॅडम? अं? — थो फोन ठेवा. कोणाले लावून राह्यल्या? ठेवा म्हटलं ना.

हे पाहा, आलीच. बबिता, मॅडमले चहा दे, बेटा. — तिकडं नाई, तिकडं भिंत हाये. — इकडं. — अवं, मी हावो हा, मॅडम बाजेवर हायेत. बोला ना, मॅडम, एखादा शब्द बोला, तिले आवाजावरून समजते. — पुन्हा फोन काढला तुम्ही?

राहू द्या चहा. गाडी काढा अन् निघा तुम्ही.