लोखंडाची खोड

[लातूर नवा जिल्हा झाला त्या सालचा कोरडा हिवाळा. अहमदपूर तालुक्यातलं खेडं. व्यंकटी आणि त्याची बायको सरजाबाई यांच्या दारात लोह्याकडचा शेषेराव.]

शेषेराव : म्हैस तू नेलीस, अन् दूध माझ्या इंजनातून निघून राहिलंय! बघ ह्या बाटलीत. हे तेल हाय का ताक?

व्यंकटी : पाणी गेलं असंल तेलात.

शेषेराव : गेलंच. हेडाला, इंजनाच्या वरच्या झाकणाला, भेग हाय. रंग खरडला तवा दिसली.

व्यंकटी : इथं चालवून दाखवलं होतं की तुला.

शेषेराव : चहा होईस्तोवर! थंड हाय तवर भेग मिटून राहती, तापलं की उघडती. म्हणून लगेच बंद केलंस. जिल्हा बदलला तशी जबान बी बदलली का तुझी?

व्यंकटी : जिल्हा मधी आणू नको. तुझी म्हैस अन् माझं पाण्याचं इंजन, अदलाबदल राजीखुशीनं झाली. तुझ्याकडं कडबा नव्हता, माझ्या विहिरीत पाणी नव्हतं.

शेषेराव : माझ्या विहिरीत हाय की! तळाला दिसतंय, वर येत न्हाई. हळदीची पानं गुंडाळून राहिलीत. दोन दिवसांत पाणी न्हाई भेटलं तर वाफे गेले.

व्यंकटी : मग म्हैस ने. इंजन आणून टाक.

शेषेराव : अन् तिला घालू काय? दगड?

सरजाबाई : शेषेरावभाऊ, म्हैस देताना मला काय सांगितलं होतं तुम्ही?

शेषेराव : काळं लुगडं दिसलं की लाथ मारती. तेच ना?

सरजाबाई : हाव. तवापासून काळं नेसून गोठ्यात गेले न्हाई. दात शाबूत हायत माझे. आवं, तुम्ही काय सांगितलं यांना?

व्यंकटी : जनावराची खोड सांगायची रीत हाय. लोखंडाची खोड कोण सांगतं?

सरजाबाई : म्हंजे ठाऊक होती.

व्यंकटी : ...दिसली होती. वाटलं, धकून जाईल.

शेषेराव : माझ्या हळदीवर धकवलंस.

व्यंकटी : नवं हेड मी बसवून देतो. पण नांदेडहून यायला आठवडा जाईल.

शेषेराव : तवर वाफ्यात सरपण होईल, तेवढं न्यायला ये.

सरजाबाई : आपली मोट टांगलेली हाय की आढ्याला.

व्यंकटी : माझे बैल ह्याच्या विहिरीवर?

सरजाबाई : बैल अन् तुम्ही बी.

शेषेराव : बैलांना चालायला मोटंची धाव हाय अजून माझ्या विहिरीला. बैलांना चारा मात्र न्हाई, आधीच सांगतो.

व्यंकटी : कडबा गाडीत घेतो. हेड बसंस्तोवर मीच हाकतो मोट. कबूल?

शेषेराव : वाफा भिजू दे. मग सांगतो.

व्यंकटी : रातभर गाडी हाकली तर सकाळी पोचू. पण मोटंचं चामडं पार लाकूड झालंय. तशीच ओढली तर फाटंल.

शेषेराव : माझ्याकडं नेऊन भिजवली तर उद्याचा दिवस गेला.

सरजाबाई : रांजणात हाय पाणी.

शेषेराव : ते पिण्याचं हाय ना, वहिनी?

सरजाबाई : हाव. दोघं मिळून मोट खाली घ्या.