आदिजन मरत नसत

(खडकवासल्याच्या रस्त्याला, अर्धवट बांधलेल्या थीम पार्कच्या फाटकापाशी. पार्कचा मालक संभाजी, त्याची चुलती बायडाबाई आणि पार्कसाठी काल्पनिक जगाचा इतिहास लिहून देणारा श्याम.)

श्याम : ...तर या जगात सगळ्यांच्या आधी आले आदिजन. धुक्यातून जन्मले. दगडांशी बोलायचे. युगानुयुगं नांदले आणि एके दिवशी आपखुशीनं, गात गात तळ्यात उतरून गेले.

संभाजी : एवढं चांगलं चाललं होतं, मग गेले कशाला?

श्याम : तुम्हीच म्हणालात, संभाजीराव. खराडीची कंप्युटरवाली मंडळी रविवारी पोरं घेऊन येणार, रडारड नको. म्हणून घालवले गात गात.

बायडाबाई : सोताची जागा सोडून? गात?

श्याम : कल्पनेतले आहेत, आजी. त्यांना सगळं परवडतं.

बायडाबाई : एवढं शिकून ह्ये करतोस व्हय?

श्याम : हो. न शिकलेले थीम पार्क काढतात.

संभाजी : ऐकू येतंय मला, लेखक. काकू, तू मधी बोलू नको. तुला कशाला बोलावलंय ते ऐक. उद्घाटनाला तू ह्या फाटकात बसायचं. आदिमाता म्हणून. पिसांचा मुकुट करून आणलाय.

बायडाबाई : कोंबडीवानी पिसं लावू?

संभाजी : नटी आणली तर तिचं तोंड रंगवावं लागंल. तुझं आयतंच जुनं हाय.

बायडाबाई : जमीन इकली तवा तुझ्या चुलत्यानं मला इचारलं न्हाई. फाटकात बसवायला बरी आठवली.

संभाजी : झालं हिचं सुरू.

बायडाबाई : त्या बाभळीखाली काय खांदत्यात?

संभाजी : कारंजं होणार हाय तिथं.

बायडाबाई : थांबीव त्ये.

संभाजी : एका बाभळीपायी?

बायडाबाई : तुला ठावं हाय कशापायी. तुझ्याच बापानं तिथं खड्डा घेतला हुता.

श्याम : कसला खड्डा?

संभाजी : काही नाही हो. आमच्यात तान्हं पोर गेलं की जाळत नाहीत, शेताच्या बांधाला पुरतात. हिचं एक तिथं पुरलंय. आता माझ्याच्यानं काय होणार? इतक्या वर्षांनी मातीशिवाय काय उरलं असंल तिथं?

बायडाबाई : मातीच उरली. तीच खांदायला लागलास.

संभाजी : लेखक, समजावा की हिला. तुम्ही शब्दांची माणसं.

श्याम : मी दगडांशी बोलणाऱ्यांचं लिहितो. समजवायला हवं तुम्हाला, पण दगडांशी बोलणं माझ्या कामात येत नाही.

संभाजी : जिभेला हाड नाही तुमच्या.

बायडाबाई : ए लेखका, तुझ्या त्या लोकांत कुनाचं लेकरू मेलं का रं?

श्याम : नाही. आदिजन मरत नसत.

बायडाबाई : मग त्यांस्नी कुठनं बी उठून जाता येतंय. गात गात.

संभाजी : बरं, ऐक. कारंजं तळ्याकडं सरकवतो. पण तू मुकुट घालून बसायचं, आन आल्यागेल्याकडं बघून हसायचं. कबूल?

श्याम : व्वा, संभाजीराव. पुरलेल्या पोरावर चुलतीशी सौदा.

संभाजी : तुम्ही स्वारगेटची बस पकडा, जावा.

बायडाबाई : भांडू नका. बसते मी. हसायचं त्येवढं न्हाई जमायचं.

संभाजी : नको हसू. आदिमाता गंभीर असंल. असंल ना हो?

श्याम : असेल. आता तसंच लिहितो.

बायडाबाई : तिचं नाव काय ठेवलंस?

श्याम : धूम्रावती.

बायडाबाई : आन तिच्या लेकीचं?

श्याम : लेक लिहिलेलीच नाही, आजी.

बायडाबाई : लिही की. नाव मातुर घालू नको. आमच्या लेकीचं बारसं व्हायचं ऱ्हायलं हुतं.